सहा टोपल्यांचा आकडा

११ जून

तीन पानांचं पत्र लिहिलंस आणि त्यातली अडीच पानं खाणीच्या धुळीवर. धूळ काय इथे नाही? बापाची चौकशी कुठे, तर अगदी शेवटी, सहीच्या वर, "बाबा कसे आहेत?" दुकानदार गिऱ्हाइकाला विचारतो तसं. खाणीच्या दवाखान्यात तू एकटी नर्स, चारशे माणसांची नाडी बघतेस, सगळं मान्य. घरातल्या एकाची बघायला तेवढा कागद कमी पडला!

आता आशीर्वाद घे, भिंगरी. मी बरी आहे. गुडघे दुखायचे तिथेच दुखतात.

तुझ्या खेळमास्तर बापाने शाळेच्या मैदानावरचं त्याचं खूळ पुरं केलं. मागच्या वेळी तू आलीस तेव्हा तीनच टोपल्या होत्या, आता सहा झाल्या. वेल्डरने सायकलीच्या जुन्या रिमा वापरून केल्या. खांब, त्याच्यावर टोपली, वरून साखळ्या लोंबतात. तबकडी फेकायची, ती साखळ्यांवर खणकन आपटून टोपलीत पडली की झालं. डिस्क गोल्फ म्हणायचं म्हणे. मी तबकडीच म्हणते. पहिली टोपली पाण्याच्या टाकीपाशी, दुसरी सायकल स्टँडमागे, तिसरी झाडाखाली, चौथी मुलींच्या संडासाकडे (त्यावरून मोठ्या बाई फुगून बसल्यात), आणि राहिलेल्या दोन कुंपणाला. अंतरं मुद्दाम लहान ठेवलीत. कधी चेंडूही न धरलेलं पोर दोन-तीन फेकीत पोचलं पाहिजे, असा त्याचा हट्ट. प्रत्येक टोपलीसमोर एक फरशी पुरलीय, तिच्यावर उभं राहून पहिली फेक करायची.

बापाचा उजवा खांदा लचकलाय. खांदाच, असं तो म्हणतो. डॉक्टरने हलका व्यायाम सांगितलाय, हेही तोच म्हणतो. म्हणून रोज सकाळी, मैदान रिकामं असताना, आम्ही दोघं तिथे. तो फेकतो, मी वेचते. एकतीस वर्षं त्या शाळेत शिपाईबाई म्हणून वाकले, आता पेन्शनीतही वाकते. आणि आकडा लिहिते. सहा टोपल्या मिळून किती फेकी लागल्या, तो. घंटेच्या वेळापत्रकाची एक जुनी वही होती, तिच्या पाठकोऱ्या पानांवर. दुसरीपर्यंतच्या शाळेत आकडे तेवढे पक्के शिकवले होते.

मेच्या सुरुवातीला चौदा होता. आता बावीस. मी म्हटलं, "वाढतोय की रे!" तो म्हणाला, "हो आई, वाढतोय."

हा खेळ तू त्याच्याकडे शिकलीस, मी नाही. म्हणून आकडे तुला कळवत जाईन. तू यायची गरज नाही, असं लिहायला त्याने सांगितलंय. तसं लिहिलं.

आजी

*

२४ जून

आजीला नमस्कार.

ओरडा पोचला. चवीने खाल्ला. इथल्या जेवणापेक्षा बराच तिखट होता.

उत्तराला उशीर झाला, कारण पत्रांची गाडी खाणीवर आठवड्यातून एकदा, फार तर दोनदा येते. फोनचा खांब वादळात आडवा झाला तो अजून आडवाच आहे. त्याला उभा करायला माणूस येणार आहे, असं सगळे एकमेकांना सांगतात.

सहा टोपल्या झाल्या हे वाचून बरं वाटलं. मला काही गोष्टी नीट कळव. बाबांच्या शर्टाची बटणं कोण लावतं? पाणी पिताना त्यांना ठसका लागतो का? उजव्या अंगठ्याच्या मुळाशी मांस असतं, तिथे खड्डा पडल्यासारखं दिसतं का? तबकडी त्यांच्या हातातून आधीच सुटते, की फेकल्यावर कमी लांब जाते?

खेळासाठीच विचारतेय. पकड कशी आहे ते त्यावरून कळतं.

आकडा लिहीत राहा.

भिंगरी

*

६ जुलै

खेळासाठी विचारतेय म्हणे! बटणं कुठल्या खेळात असतात गं?

पण विचारलंस तर ऐक. बटणं मी लावते. गळ्याशी वाकून लावताना तो वर छताकडे बघतो, पाच वर्षांचा असताना बघायचा तसा. ठसका लागतो, चहाला जास्त. खड्डा आहे, चण्याचा दाणा मावेल एवढा. दोन्ही हातांना. तबकडी कधी आधीच सुटते, कधी सुटतच नाही, बोटं तिला धरून बसतात आणि मग ती मागे जाऊन पडते. परवा एक थेट माझ्या कपाळाला लागली. मी म्हटलं, "टोपली तिकडे आहे, ही तुझी आई आहे." इतका हसला की फरशीवर बसावं लागलं. उठवायला वेल्डरला हाक मारली.

तो वेल्डरही शहाणा. म्हणतो, "मावशी, सर हल्ली झाडावरच नेम धरतात का?" मी म्हटलं, "तू केलेला खांब वाकडा आहे, म्हणून झाड मध्ये येतं." गेला गुपचूप.

आणखी एक. त्याने सहाही फरश्या उकरून पुढे घ्यायला लावल्या. आठ-आठ पावलं. पहिलीच्या पोरांना लांब पडतं, असं मोठ्या बाईंना सांगितलं. पहिलीतल्या एकाही पोराने तक्रार केल्याचं मी ऐकलं नाही, आणि त्या शाळेत माझ्या कानाआड काही जात नाही.

आकडा एकतीस. फरश्या पुढे घेऊन एकतीस. हे दोनदा वाच.

तू यायची गरज नाही, असं तो कालही म्हणाला. मी लिहिते म्हणून सांगितलंय.

आजी

*

२ ऑगस्ट

बाळा,

अक्षराला हसू नकोस. उजव्याने निवृत्ती घेतली, डावा हात अजून पहिलीत आहे. एवढं पत्र लिहायला तीन सकाळी लागल्या.

तू शाळेच्या पत्त्यावर मला वेगळं लिहिलंस, बरं केलंस. तू नर्स आहेस, तुझ्याशी लपवाछपवी करून उपयोग नाही. तुला जी शंका आली तेच आहे. मज्जातंतूंचा आजार. हात, मग पाय, मग जीभ, मग श्वास. औषध नाही. डॉक्टरांनी वर्ष म्हटलं, पण म्हणताना ते माझ्याकडे नाही, रिपोर्टकडे बघत होते.

आता नीट ऐक. आजीला यातलं काही माहीत नाही. खांदा लचकलाय, एवढंच तिला सांगितलंय. आणि त्यात एक गंमत झालीय. या खेळात कमी फेकी लागल्या तर चांगलं, हे तिला ठाऊकच नाही. एका सकाळी मी वाईट फेकत होतो, आकडा वाढत होता, आणि ती वहीवर बोट ठेवून म्हणाली, "वाढतोय की रे!" अगदी माझी प्रगतीपुस्तकं बघून म्हणायची तशी. मला हसूच आलं. किती महिन्यांनी आलं. मी हो म्हटलं. तेव्हापासून रोज सकाळी ती आकडा वाचून खूश होते आणि मी वाईट खेळून तिला खूश करतो. जन्मात मला इतकं सोपं काम मिळालं नव्हतं.

ते तिच्याकडून काढून घेऊ नकोस. तू नोकरी अर्धी टाकून धावत आलीस तर दारात तुझं तोंड बघूनच तिला सगळं कळेल. तुझी आई गेली तेव्हा आजी कशी कोसळली होती ते मी पाहिलंय. पुन्हा तसं नको. म्हणून येऊ नकोस. मी बोलावीन तेव्हा ये. तिला पत्र लिहिताना आकड्याचं कौतुक कर.

बाबा

*

१९ ऑगस्ट

आजीला नमस्कार.

एकतीस म्हणजे मस्तच! वाढू दे असाच. बाबांना सांग, मी आले की बरोबरीने खेळू, मग बघू कोण जास्त.

इथे काम खूप आहे. मी रजा साठवून ठेवतेय. मार्चमध्ये एकदम मोठी घेऊन येईन, चांगली दोन महिने राहीन. तोवर तुम्ही दोघं सकाळी मैदानावर जाताय, हे वाचून मला इथे धीर येतो.

तुझे गुडघे कसे आहेत? तेल लावतेस ना?

भिंगरी

*

१० ऑक्टोबर

गुडघ्यांना तेल लाव म्हणे! आणि एकतीस मस्त! "बघू कोण जास्त!" हे वाचलं आणि पत्र चुलीत घालायला निघाले होते. घरात गॅस आहे म्हणून वाचलं.

तुला नर्स कुणी केलं गं? आणि त्या खेळात तुला तरबेज कुणी केलं? इथेच, याच मैदानावर, पहिल्या टोपलीत एका फेकीत तबकडी टाकलीस म्हणून बापाने तुला खांद्यावर घेऊन टाकीभोवती फिरवलं होतं. एका फेकीत. तेव्हा मी कुठे होते? घंटेखाली उभी होते. पोरं बोंबलतात कधी? एकात गेली की. गप्प होतात कधी? सातव्यांदा फेकायला लागलं की. एवढं कळायला दुसरीची सुद्धा शाळा लागत नाही. पहिल्या दिवसापासून मला माहीत आहे की आकडा कमी हवा.

मग मी वाढतोय म्हणून का म्हटलं? ऐक. मेमधली सकाळ होती. पाचव्या टोपलीला त्याच्या सहा फेकी झाल्या, आणि तो कुंपणाकडे तोंड करून उभा राहिला. वळेना. काहीतरी बोलायला हवं होतं. माझ्या तोंडून ते निघालं. मी टोमणा मारला होता, हा मला भोळी समजला. वळला तर हसत होता. मग काय, म्हटलं, राहू दे. आपल्या मूर्खपणाने कुणी सकाळभर हसत असेल तर आपलं काय जातं.

पण तुला आकडे कशाला पाठवले मी? वाचायला हौस म्हणून? त्याने मला शपथ घातली होती, भिंगरीला ये म्हणून लिहायचं नाही. मी शपथ पाळली. "ये" लिहिलं नाही. चौदा लिहिले, बावीस लिहिले, एकतीस लिहिले, फरश्या पुढे घेतल्या ते लिहिलं, दोनदा वाच म्हणून लिहिलं. याहून मोठ्याने हाक कशी मारतात? मला वाटलं दुसऱ्या पत्राला दारात उभी राहशील. बटणांचं विचारलंस तेव्हा म्हटलं, कळलं पोरीला, निघाली. जुलै गेला. ऑगस्टात आलं काय, तर मार्च!

आता आमचं मैदान बंद झालंय. टोपल्या आहेत, पोरं खेळतात, शाळेने नवा खेळमास्तर नेमलाय, तो शिट्टीच जास्त वाजवतो. आम्ही जात नाही. शेवटच्या सकाळी पहिल्याच फरशीवर तबकडी त्याच्या पायावर पडली. पुन्हा दिली, पुन्हा पडली. आठ वेळा. मी वही उघडून विचारलं, "काय लिहू?" तो म्हणाला, "पुरे लिही." मी "पुरे" लिहिलं आणि त्याला दंडाला धरून घरी आणलं. एवढासा रस्ता, शाळेच्या भिंतीचं फाटक आणि लगेच आपलं दार, पण अर्धा तास लागला.

आता तो खाटेवर असतो. बोलणं जाड झालंय. शेजारच्यांना कळत नाही, मला कळतं. जेवण पातळ करून चमच्याने देते. कुशीवर मी वळवते, मी एकटी, बहात्तराव्या वर्षी. रडगाणं नाही हे, काम सांगतेय.

शपथ मी मोडली. ये.

आजी

*

२३ ऑक्टोबर

आजी,

तुझं पत्र काल मिळालं. फोनचा खांब अजून आडवाच आहे. दवाखान्याच्या मागच्या पायरीवर बसून वाचलं. 

मला पहिल्या पत्रातच कळलं होतं. चौदावरून बावीस, एका महिन्यात. एरवी सहा टोपल्यांना बाबांनी डोळे मिटून चौदा काढले असते. मी त्यांना वेगळं पत्र लिहून विचारलं, तर त्यांनी सगळं सांगितलं आणि वर लिहिलं, आजीला काही माहीत नाही, तू आलीस तर तिला कळेल, म्हणून येऊ नकोस. आकड्याचं कौतुक कर. मी केलं. "मस्त" हा शब्द लिहिताना मी तीन कागद फाडले.

म्हणजे तू त्यांच्यासाठी गप्प, ते तुझ्यासाठी गप्प, आणि मी तुम्हा दोघांसाठी इथे बसून राहिले. आपल्या घरात कुणी एक जण तरी आडमुठं असायला हवं होतं.

मी रजेचा अर्ज दिलाय. पण माझ्या जागी दुसरी नर्स आल्याशिवाय सोडता येत नाही. इथे रोज कुणाचं तरी बोट चिरडलेलं असतं. ती १५ नोव्हेंबरला येतेय. त्याच गाडीने मी निघेन, दोन दिवसांत घरी.

आजी, बाबांना आता हे सगळं सांग. तुला माहीत होतं, मलाही माहीत होतं. ओझं उतरेल त्यांचं. आणि कुशीवर वळवताना पाठीमागे उशी देत जा, दर दोन तासांनी. पाणी चमच्याने, मान पुढे करून, मागे नाही.

मी येतेय.

भिंगरी

*

३ नोव्हेंबर

ओझं उतरेल म्हणालीस. नाही उतरलं.

सांगितलं मी त्याला. तुझं पत्र वाचून दाखवलं, एकेक ओळ, माझ्या अडखळत्या वाचण्याने. मला आकड्याचं आधीपासून माहीत होतं, हे ऐकून आधी हसला, ठसका लागला, मी पाठ चोळली.  मग बोलायला लागला. एका वाक्याला किती वेळ गेला सांगू? कुकरच्या शिट्ट्या झाल्या, भात उतरवून मी परत आले, तरी वाक्य चालूच होतं. मी कान त्याच्या तोंडाला लावून एकेक शब्द पुन्हा म्हणायचे, बरोबर असेल तर तो डोळे मिटायचा.

त्याने विचारलं, "मी येऊ नको लिहिलं. ती आली नाही. माझं ऐकलं म्हणून, की तिला बघवणार नव्हतं म्हणून?"

मी म्हटलं, "अरे, तुझं ऐकलं म्हणून. तिने लिहिलंय ना इथे, बघ." कागद डोळ्यांसमोर धरला. त्याने कागदाकडे बघितलंच नाही. माझ्याकडे बघितलं. मग हळूहळू म्हणाला, "तू तर एकतीसलाही खूश होतीस."

कळलं तुला? पाच महिने मी त्याला रोज सकाळी हसून खोटं सांगितलं. आता खरं सांगायला गेले तर माझ्या तोंडाला खऱ्याची चवच राहिली नाही. तू मस्त लिहिलंस, मी वाढतोय म्हटलं, त्याने खांदा म्हटलं. आता या घरात कुणी काहीही गोड बोललं तरी त्याला ते खोटंच वाटणार.

मी पुन्हा सांगितलं. आवाज चढवून सांगितलं. रागावले सुद्धा. रागावले की तो लहानपणी मानायचा. डोळे मिटले नाहीत त्याने.

ते गुरुवारी. शुक्रवारी सकाळी तोंड उघडलं, आवाज आला नाही. तेव्हापासून नाही. डॉक्टर येऊन गेला. छातीला नळी लावून ऐकलं बराच वेळ. मी विचारलं, "पंधरा तारीख?" त्याने पिशवी आवरली आणि म्हणाला, "बघू." तुम्ही दवाखान्यातले लोक बघू कधी म्हणता, ते तुला मी सांगायला नको.

उशी पाठीमागे देते. पाणी मान पुढे करून देते. तू लिहिलंस तसं सगळं करते. पण तो सारखा दाराकडे बघतो, आणि दारातून येते ती मीच, हातात वाटी घेऊन.

हे पत्र गाडीच्या हिशोबाने तुला नऊला नाहीतर दहाला मिळेल. मी आकडेमोड केलीय. तुझी ती दुसरी नर्स वेळेवर आली, गाडी वेळेवर निघाली, तरी सतरा उजाडेल. तू न थांबता निघालीस तर बारा. बारालाही उशीर झालेला असेल की नाही, ते मला माहीत नाही, आणि माहीत असल्यासारखं मी आता तुला लिहिणार नाही. खोटं लिहायचं आपण बंद केलंय.

चिरडलेली बोटं चार दिवस कुणीतरी बांधेल. तिथेही एखादा वेल्डर असेल, त्याला सुद्धा बांधता येतात. हुकूम म्हण, आडमुठेपणा म्हण, तुला घरात तोच हवा होता ना.

आणि या पत्राला उत्तर पाठवू नकोस. पाठवलंस तर ते मला वाचावं लागेल, आणि माझ्या तोंडून आलेलं तो मानत नाही. प्रश्न त्याने विचारलाय, आणि तुझ्याबद्दल विचारलाय. उत्तर मी द्यायचं नाही, कागदाने द्यायचं नाही. तू द्यायचंस. खाटेशी येऊन, त्याला, तुझ्या तोंडाने. डोळे मिटले की समज, पटलं.

आजी